सोसायटी ग्रुप: डिव्हायझेसचे २९ लॉक आणि नानांचा क्लास

सी ५०२ वहिनी: फोटो बघितले का कोणी? रविवारी मुलगा-सून डिव्हायझेसला जाऊन आले, इंग्लंडमधल्या विल्टशायरचं छोटंसं गाव आहे. उतारावर एकाखाली एक नुसते दरवाजेच दरवाजे, आणि त्यातून बोट टेकडी चढते म्हणे. मला काही झेपलं नाही, पाणी वर कसं काय चढेल

ए १०४: कालवा आहे ना तो? आमच्या गावाकडचा कालवा तर उतरतच जातो

बी ३०४ नाना: वहिनी ते केन हिलचे लॉक. माझी उभी नोकरी गोदीत गेली, त्यातली बरीच वर्षं मुंबईच्या इंदिरा डॉकच्या लॉकगेटवर, तेव्हा या विषयावर मी गप्प बसणार नाही, सहन करा. पाणी चढत नाही, बोट चढते. दोन दारांमधे एक हौद असतो. बोट खालून आत आली की मागचं दार लावायचं आणि वरच्या दाराची छोटी झडप उघडायची, वरचं पाणी आपोआप हौदात येतं, बोट तरंगत वर येते, दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की वरचं दार उघडून पुढच्या हौदात. ना मोटर ना पंप

डी ६०१: नाना पण एवढ्या पाण्याच्या दाबाने दार मधेच उघडलं तर?

बी ३०४ नाना: तीच तर गंमत आहे. दोन कवाडं असतात, ती सरळ रेषेत मिटत नाहीत, मधे टोक येतं आणि ते टोक वरच्या पाण्याकडे रोखलेलं असतं. पाणी जितकं रेटेल तितकी ती एकमेकांत घट्ट बसतात. दाब असताना दहा माणसं लावा, हलणार नाही. पाणी समान झालं की एकटा माणूस उघडतो. तिसरा फोटो झूम करा, सूनबाई पाठमोरी होऊन ती पांढऱ्या टोकाची लांब तुळई कमरेने ढकलतेय ना, तेच चाललंय

सी ५०२ वहिनी: अगंबाई मला वाटलं फोटोसाठी टेकून बसलीय

ए ७०३ ताई: आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये होतं हे. असा दोन दारांचा लॉक चीनमध्ये ९८४ साली केला होता, छ्याओ वेइय्वे नावाच्या अधिकाऱ्याने. आधी बोटी उतारावरून दोराने ओढायचे, त्यात बोटी फुटायच्या आणि त्या गडबडीत सरकारी धान्य चोरीला जायचं

डी ६०१: म्हणजे चोरांमुळे इंजिनिअरिंग पुढे गेलं, झकास

बी ३०४ नाना: शाब्बास ताई. आता डिव्हायझेसचं ऐका. तिथे दोन मैलांत २९ लॉक आणि चढ २३७ फूट, त्यातले १६ तर एका रांगेत. इंजिनिअर जॉन रेनी. टेम्स नदी आणि ब्रिस्टलकडची बाजू जोडणारा हा केनेट-एव्हन कालवा, त्यातला हा उतार सगळ्यात शेवटी झाला, १८१० ला. तोवर खालचा माल वर न्यायला घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचे रूळ टाकले होते. विटा पण तिथलीच माती काढून तिथेच भाजल्या

बी २०१ खजिनदार: एवढा खटाटोप करून किती वर्षं चालला?

बी ३०४ नाना: जोरात म्हणाल तर ३० वर्षं. १८२९ ला तर रात्रीपण बोटी जाव्यात म्हणून गॅसचे दिवे लावले होते. मग १८४१ ला लंडन-ब्रिस्टल रेल्वे पूर्ण झाली आणि खेळ संपला, १८५२ ला त्याच रेल्वे कंपनीने कालवा विकत घेतला. आता प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेलेल्या कालव्याची कोण काळजी घेणार हो. १९४८ नंतर या उतारावरून मालाची बोट गेली नाही, हौदात झाडंझुडपं उगवली. पुढे गावोगावच्या हौशी लोकांनी पैसे जमवून, स्वतः चिखलात उतरून काम केलं, तेव्हा १९९० ला राणीच्या हस्ते परत सुरू झाला

सी ५०२ वहिनी: मुलगा म्हणत होता खाली मोठा पंप पण आहे. तुम्ही तर म्हणालात पंप लागत नाही?

बी ३०४ नाना: आता आलात मुद्द्यावर. बोट चढवायला पंप लागत नाही. पण बोट चढो नाहीतर उतरो, दर खेपेला एक हौदभर पाणी खाली जातं ते जातंच. एक हौद म्हणजे साधारण अडीच लाख लिटर. दारं बनवणं सोपं, खरी डोकेदुखी वर पाणी टिकवण्याची

बी २०१ खजिनदार: अडीच लाख!! म्हणजे दहा हजारवाले २५ टँकर, एका बोटीला?? मे महिन्याचं बिल आठवलं मला

बी ३०४ नाना: म्हणून तर रेनीने बाजूला तळी काढली. एरवी दोन लॉकच्या मधे लांबच लांब कालवा असतो, त्यात पाणी साठतं. इथे दारं इतकी जवळ की साठवायला जागाच नाही, मग मधला भाग आडवा रुंद केला, अशी १५ तळी आहेत, पहिल्या फोटोत उजवीकडे दिसतात ती. तरी पुरेना, म्हणून १९९६ ला खाली पायथ्याशी फॉक्सहँगर्सला पंप बसवला, तो दिवसाला ३ कोटी २० लाख लिटर पाणी परत वर चढवू शकतो. रेनीची अक्कल मोठीच, पण १८६ वर्षांनी शेवटी पंपच आला

ए १०४: नाना आपल्या डॉकला पण टेकडी आहे का मग? लॉक कशाला?

बी ३०४ नाना: अरे आपल्याकडे चढायचं नाहीये, समुद्रच वरखाली होतो. उधाणाला भरती-ओहोटीत पंधरा फुटांच्या आसपास फरक पडतो, दार नसेल तर ओहोटीला गोदीतली जहाजं तळाला टेकतील. १९१४ ला उघडली ती गोदी, तेव्हा अलेक्झांड्रा डॉक म्हणायचे, लॉक ७५० फूट लांब १०० फूट रुंद. केन हिलच्या हौदात दोन अरुंद बोटी शेजारी शेजारी मावतात, आमच्यात आख्खं जहाज

डी ६०१: नाना दाखवायला न्या ना एकदा

बी ३०४ नाना: पास लागतो रे, असंच कोणी सोडत नाही. बघतो ओळखीचं कोणी उरलंय का

ए ७०३ ताई: डिव्हायझेसहून लंडनला १२५ मैलांची होडीची रेस पण असते दर ईस्टरला. लॉक आला की होडी खांद्यावर घेऊन पळायचं, असे ७७ लॉक

सी ५०२ वहिनी: हे २९ धरून?

ए ७०३ ताई: नाही काकू, रेस टेकडीच्या वरून सुटते. ते २९ सोडून ७७

बी २०१ खजिनदार: बरं, टँकरचे पैसे कोणाकोणाचे बाकी आहेत ती यादी टाकतोय, बघून घ्या