मदत हवी आहे: पीटीचा तास परत कसा मिळवायचा?
नमस्कार. जुळे सोलापुरात राहते, मुलगा चौथीत आहे. आठवड्यात पीटीचे दोन तास, पण दोन्हीला गणिताची उजळणी. परवा अंगणात लंगडी घालायला सांगितली, तर तिसऱ्या उडीलाच तोल जाऊन त्यानं भिंत धरली. जीव कसनुसा झाला हो.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. शिवाय खेळून आलेल्या दिवशी हाच मुलगा पाढे न कंटाळता म्हणतो, मी रोज बघते.

बाईंना न दुखावता पालकसभेत हे कसं मांडू? आणि पार्क मैदानाजवळ संध्याकाळी लहान मुलांना खो-खो कुणी शिकवतं का? उन्हाळ्यात सहाच्या आधी बाहेर काढवत नाही.