स्वादुपिंडाचा रस 'सुटतो' की 'पाझरतो'?

आंबेहळद: आहारावरच्या एका पत्रकाची मराठी तपासते आहे. वाक्य असं: 'उपवासकाळात स्वादुपिंडाच्या विकरांचे स्रवण बंद होते.' आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, श्रवण कशाला बंद होईल? सोपा शब्द सुचवा. एन्झाइमसाठी 'विकर'ही चालेल ना?

शिळोपा: विकर शाळेच्या पुस्तकात आहे, राहू द्या. मला मात्र जुना 'वितंचक' आवडतो. संस्कृतात आतंचन म्हणजे दुधाला विरजण लावणं. जर्मनीच्या कूने यांनी १८७७ च्या सुमारास एन्झाइम शब्द घडवला तोही ग्रीक 'खमिरातले' यावरून. दोन्हीकडे आंबवणंच! विकरला तो वास नाही.

रात्रपाळी: शब्दाचं नंतर, आधी वाक्यच चुकलंय. रस बंद होत नाही. रिकाम्या पोटीही थोडाथोडा येत असतो आणि दर दीड-दोन तासांनी आतड्याची झाडलोट करणारी लाट येते तेव्हा जरा वाढतो. खरा जोर जेवल्यावर. स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं लहान आतड्यात उतरली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक विकरांनी भरलेला रस सोडायला लावतं. म्हणून मी म्हणेन, उपाशीपोटी 'पाझरतो', जेवताना 'सुटतो'.

शिळोपा: वा! तोंडाला पाणी सुटतं, तसाच.

रात्रपाळी: नुसत्या वासाने, चवीनेही थोडा सुटतो, त्यामुळे उपमा अगदी बरोबर.

खलबत्ता: माझी हरकत 'उपवास'वर. आपल्याकडे उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस. एकादशी, दुप्पट खाशी! पिष्ट, प्रथिनं, तूप सगळं आलं, स्वादुपिंडाला कसली सुट्टी?

आंबेहळद: मग 'निरंकार उपवास' लिहू?

खलबत्ता: 'काही न खाता' लिहा की सरळ. रक्ततपासणीच्या चिठ्ठीवरचं 'उपाशीपोटी' सगळ्यांना कळतं.

आंबेहळद: पुढचं वाक्य आहे, 'आहारानुसार विकरांचे प्रमाण बदलते.' ते तरी बरोबर आहे?

रात्रपाळी: हो, पण एका खिचडीने नाही. उंदरांना काही दिवस पिष्टमय खाणं दिलं की पिष्ट पचवणारं अमायलेज वाढतं, प्रथिनं वाढवली की ती पचवणारी ट्रिप्सिनसारखी विकरं. दीर्घ कुपोषणात तर रस बनवणाऱ्या पेशीच रोडावतात. तिथे पाझरणंही खरं नाही, तिथे रस 'आटतो'.

शिळोपा: विहिरीसारखा. आता हे तिन्ही शब्द कापून संपादक परत 'स्रवण' घालतील, बघा.