स्नायू, अस्थिबंध आणि कंडरा : कोपराच्या निमित्ताने

फोंड्याजवळच्या आमच्या मसाज-वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "कोपराच्या आतल्या बाजूच्या स्नायूवर जोर देऊ नये असे पुस्तकात आहे, मग तिथे मालीश करायचीच नाही का?" पुस्तक हिंदी होते आणि घोटाळा तिथेच होता. हिंदी शरीररचनेत 'स्नायु' म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा. मराठीत मात्र 'स्नायू' म्हणजे आकुंचन पावणारे मांस.

हिंदीतला अर्थ जुन्या परंपरेला जवळचा आहे. सुश्रुतसंहितेत 900 स्नायू सांगितले असून दाखला नावेचा दिला आहे: फळ्या पुष्कळ बंधनांनी आवळलेल्या असल्या म्हणजे नाव पाण्यावर भार पेलते, तसा स्नायूंनी सांधे बांधलेला माणूसही भार सोसतो. काथ्याने शिवलेली होडी ज्या किनाऱ्याने पाहिली आहे, तिथे हा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तरीही आज मराठीत शिकवताना हाडाला हाड जोडतो तो 'अस्थिबंध' आणि स्नायूला हाडाशी जोडते ती 'कंडरा', एवढे पक्के ठेवावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. 'स्नायुबंध' टाळावा, कारण तो दोन्ही अर्थांनी वापरला जातो. 'शीर आखडली' असे कोणी म्हणाले तर ऐकून घ्यावे; नोंदवहीत मात्र 'शीर' लिहू नये.

'कंकणाकृती अस्थिबंध' हे नाव मला फार आवडते. कोपर काटकोनात वाकवून त्याच्या बाहेरच्या बाजूस, उंचवट्याच्या किंचित खाली, अंगठा टेकवावा आणि तळहात पालथा-उताणा करायला सांगावे. अंगठ्याकडच्या हाडाचे डोके बोटाखाली फिरताना जाणवते. त्याच्याभोवती हे कांकण असते, पण ते पूर्ण नाही: त्याची दोन्ही टोके करंगळीकडच्या हाडावर बसलेली असतात आणि उरलेला घेर त्या हाडाची खाच पुरा करते. लहान मुलाला त्याचा एकच हात धरून झटकन उचलले तर हाडाचे हे डोके यातूनच निसटू शकते. प्रकोष्ठाच्या, म्हणजे कोपर ते मनगट या भागाच्या, दोन हाडांमध्ये ताणलेला पडदा मात्र दोरीसारखा नसून पातळ व रुंद आहे, म्हणून त्याला 'आंतरास्थि पटल' म्हणणे योग्य.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. आतल्या उंचवट्यापासून निघून मनगटाकडे जाणाऱ्या स्नायूंच्या मांसल भागावर हात जरूर चालवावा. त्यांच्याखाली आतल्या बाजूचा अस्थिबंध आहे. तो दुखावला असेल तर त्याच्यावर जोर देऊ नये. उंचवट्याच्या मागच्या खाचेतून तर मज्जातंतू जातो, ज्याला धक्का लागताच करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात; तिथे अंगठा रोवूच नये.