ऑल्टरनेटिव्ह कंट्रीच्या यादीत कोणाला जागा द्यावी?

धागालेखक:
ऑल्टरनेटिव्ह कंट्री या, अमेरिकी कंट्री संगीताच्या मुख्य प्रवाहाबाहेरच्या प्रकारातल्या कलाकारांची यादी कोणीही करायला घेतली की ती फुगत जाते, आणि अखेरीस साठच्या दशकातल्या ग्रॅम पार्सन्सपासून आजच्या क्रिस स्टेपल्टनपर्यंत जे जे नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्री संगीत-व्यवसायाच्या राजधानीच्या, गुळगुळीत रेडिओ-कंट्रीहून निराळे वाटतात ते सगळेच तिच्यात येऊन बसतात. माझ्या मते ही यादी विशिष्ट काळाला आणि विशिष्ट गोतावळ्याला बांधलेली असावी. इलिनॉयमधल्या बेलव्हिलच्या अंकल टुपेलो या बँडने १९९० साली 'नो डिप्रेशन' हा अल्बम काढला, ज्याचे शीर्षकगीत कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री गायक-घराण्याने १९३६ साली गायलेले होते आणि बाकीच्या बऱ्याच गाण्यांत पंकची धग होती. १९९४ साली बँड फुटल्यावर त्यातल्या जे फरारने सन व्होल्ट आणि जेफ ट्वीडीने विल्को उभारला, आणि १९९५ साली सिएटलहून 'नो डिप्रेशन' याच नावाचे नियतकालिक निघाले. पंक किंवा कॉलेज रॉकमधून येऊन या सुमारास कंट्रीकडे वळलेले, एकमेकांसोबत वावरणारे कलाकार म्हणजे हा प्रकार. जेहॉक्स, व्हिस्कीटाउन, ओल्ड ९७ज् आणि ज्यांचा गायक पूर्वी अंकल टुपेलोच्या गिटारी सांभाळत असे ते बॉटल रॉकेट्स, हे सगळे आत. १९७३ सालीच वारलेला पार्सन्स पूर्वज आहे, सदस्य नव्हे.

रानवाट:
आपली कसोटी इतिहास म्हणून ठीक आहे, परंतु ती प्रामाणिकपणे लावली तर गायिका लुसिंडा विल्यम्स बाहेर राहते, आणि तिच्याविना केलेली यादी मला तरी मान्य होणार नाही. ती पंकमधून आलेली नाही; तिची मुळे ब्लूज आणि लोकसंगीतात आहेत. तरीही १९९८ च्या 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड'ला ग्रॅमी मिळाले ते समकालीन लोकसंगीताच्या विभागात, याचा अर्थ तिला कोणत्या खणात ठेवावे हे कंट्रीच्या बाजारपेठेला उमगलेच नव्हते. उलट गायक ड्वाइट योकम लॉस एंजेलिसच्या पंक क्लबांत वाजवत वर आला, म्हणजे तो आपल्या कसोटीला उतरतो. पण १९८६ साली त्याचा पहिलाच अल्बम कंट्री अल्बमच्या लोकप्रियता-क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर गेला. कलाकार आला कोठून, यापेक्षा हँक विल्यम्स आणि लूव्हिन ब्रदर्स या जुन्या कंट्री गायकांचा वारसा घेऊन तो नॅशव्हिलच्या चौकटीबाहेर काय करतो, हे पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

धागालेखक:
तसे केले तर निर्माता रिक रुबिनसोबत १९९४ साली अल्बम काढणारा जुना कंट्री गायक जॉनी कॅशही आत घ्यावा लागेल, आणि मग दार लावायचे कोठे? मी अल्बमनिहाय निवड करीन. स्टीव्ह अर्लचा १९८६ चा 'गिटार टाउन' नॅशव्हिलचाच माल होता, मात्र १९९७ साली सुपरसकर्स या सिएटलच्या पंक बँडसोबत ध्वनिमुद्रण करणारा अर्ल या गोतावळ्यातला आहे. योकम १९८६ साली थेट कंट्री रेडिओवर पोचला, म्हणून तो बाहेर. लुसिंडाला मी गोतावळ्याच्या बळावर आत घेईन: कंट्री गायिका एमिलू हॅरिसने १९९५ च्या 'रेकिंग बॉल'मध्ये तिने, अर्लने आणि जिलियन वेल्चने लिहिलेले प्रत्येकी एक गाणे गायले, आणि तो अल्बम घडवणारा डॅनियल लान्वा तर यूटू या रॉक बँडसोबत काम केलेला माणूस. विल्को १९९६ च्या 'बीइंग देअर'पर्यंतच. १९९९ च्या 'समरटीथ'पासून तो निराळ्या वाटेचा बँड आहे.

मंद्रसप्तक:
गोतावळा हीच कसोटी असेल, तर कॅनडाच्या काउबॉय जंकीजचे काय? त्यांनी १९८७ साली टोरांटोच्या एका चर्चमध्ये एकाच मायक्रोफोनवर 'द ट्रिनिटी सेशन' ध्वनिमुद्रित केला, तेव्हा या गोतावळ्याला नावही नव्हते.

काळी तबकडी:
मला दोन्ही बाजूंविषयी शंका आहे. ज्या नियतकालिकाचा आधार धागालेखक घेत आहेत, त्याने स्वतःच आपल्या नावाखाली 'ऑल्टरनेटिव्ह कंट्री, म्हणजे जे काही असेल ते' अशा आशयाची ओळ छापली होती; संपादकांना जी खात्री नव्हती ती आपण कोठून आणणार? त्याहून गंभीर मुद्दा असा की गोतावळ्याने मोजले तर यादी जवळपास संपूर्ण गोरी होते, कारण तो गोतावळा इंडी रॉकचा होता. बँजो आफ्रिकी वंशाच्या लोकांनी अमेरिकेत आणला, आणि तरीही २०१० च्या अल्बमसाठी कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स या कृष्णवर्णीय बँडला ग्रॅमी मिळाले ते पारंपरिक लोकसंगीताचे. हा बँड काळाच्या कसोटीवर उशिरा येतो हे मान्य, पण रानवाट यांच्या वारशाच्या कसोटीवर तो पहिल्या रांगेत हवा, आणि त्यांच्याही प्रतिसादात त्याचा उल्लेख नाही.

रानवाट:
आक्षेप योग्य आहे, आणि माझी कसोटी त्यामुळे मोडत नाही, रुंदावते. चॉकलेट ड्रॉप्सना अमेरिकाना (अमेरिकी मुळांच्या संगीताचे एक ढोबळ नाव) म्हणून बाजूला काढणे मला पटत नाही, कारण ग्रॅमीने त्या नावाचा स्वतंत्र अल्बम-पुरस्कार २०१० सालीच सुरू केला आणि त्यात कोणालाही कोंबता येते. विल्कोबाबत मात्र धागालेखकांशी माझा वाद कायम राहील. त्यांच्या 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' या अल्बममधला रेडिओचा खरखराट बाजूला सारून ट्वीडीचे गाणे नुसत्या गिटारवर ऐकावे आणि मगच त्याला हद्दपार करावे.