आईसाठी ई-रीडर घ्यायचाय. मराठी पुस्तकं नीट वाचता येतात का?

लिंबोणी

आई कराडला असते, वय ७१. जन्मभर वाचनालयातून पुस्तकं आणून फडशा पाडणारी बाई. आता गुडघ्यांमुळे वाचनालयाचा जिना होत नाही. मोतीबिंदू काढल्यापासून दिसतं चांगलं, पण बारीक टाइप असला की थोड्याच वेळात डोळ्यांतून पाणी येतं. भावाने टॅब दिला होता, त्यावर ती वाचन सोडून बाकी सगळं करते. वाचायला बसली की मधेच कुणाचं तरी गुड मॉर्निंग येऊन पडतं.

शेजारच्या मुलाचं किंडल तिला दाखवायला आणलं होतं. त्यातली इंग्रजी कादंबरी उघडली, तर अक्षर हवं तेवढं मोठं होत होतं. मग माझ्याकडची एक मराठी पीडीएफ त्यात टाकली, तर अक्षर एवढंसं. मोठं करायला गेले की ओळ पडद्याबाहेर. आई म्हणाली, "मला भिंग घेऊन पेपर वाचल्यासारखं होतंय. देऊन टाक त्याचं त्याला."

तर, सहा-सात इंची घ्यावा की दहा इंची? मराठी पुस्तकं पुरेशी मिळतात का? भाऊ आणि मी निम्मे निम्मे घालणार आहोत. वीस हजारांपर्यंत ठीक, त्यापुढे गेलं तर वहिनीशी बोलावं लागेल. :)

पंचगंगा

ताई, बिनधास्त घ्या. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून अधिकृत मिळतात. ई-इंकचा पडदा टॅबसारखा डोळ्यांवर उजेड मारत नाही. आत पांढऱ्या-काळ्या कणांचे बारीक कप्पे असतात, पान बदलताना तेवढी वीज लागते, एरवी नाही. म्हणून चार्जिंग लै दिवस टिकतं. अक्षर मोठं होतं, ओळी आपोआप मांडून घेतल्या जातात. फक्त पुस्तक दुकानातून विकत घ्या, पीडीएफ टाकू नका. विषय संपला.

जुना कंपोझिटर

विषय इथे सुरू होतो.

मी पुण्यात नारायण पेठेत डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पानं मांडायचं काम, करत म्हातारा झालो. आधी छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले, मग संगणक आला तेव्हा मालकाने खिळ्यांच्या पेट्या (केसेस) भंगारात दिल्या आणि मला कीबोर्डसमोर बसवलं. त्यामुळे यंत्र कुठलं घ्यावं यावर तरुण मंडळी बोलतील ते खरं. माझं म्हणणं एवढंच, की मराठी वाचकाची अडचण यंत्रात नाही, फायलीत आहे.

तुम्ही टाकलेली पीडीएफ बहुधा स्कॅन असणार, म्हणजे पानाचा फोटो. यंत्राला त्यात अक्षरं दिसतच नाहीत, नुसतं चित्र दिसतं. डेमी आकाराचं पुस्तक साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. सहा इंची पडद्याची उंची जेमतेम पावणेपाच इंच. म्हणजे पान जवळजवळ निम्म्यावर येतं आणि १४ पॉइंटचा टाइप ८ पॉइंटचा होतो. तुमच्या आईंनी भिंगाचं नाव काढलं ते बरोबर काढलं.

आता प्रश्न असा, की प्रकाशक फोटो का विकतात, खरा मजकूर का देत नाहीत? आळस आहेच, नाही असं नाही. पण सगळा दोष त्यांच्या माथी मारू नका. १९८५ च्या आसपासचं किंवा आधीचं पुस्तक खिळ्यांवर छापलेलं. फर्मा, म्हणजे एकदम छापायचा पानांचा संच, छापून झाला की खिळे सोडून परत केसमध्ये टाकायचे. मागे उरतो तो फक्त कागद.

त्यानंतरच्या पुस्तकांची फाइल असते, पण ती श्रीलिपी, आकृती असल्या फाँटांत आणि पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. हे फाँट म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फाँट काढून घेतला की उरते ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, आणायला कन्व्हर्टर आहेत. पण आम्ही दिसतं त्या क्रमाने टाइप करायचो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. कन्व्हर्टर कच्चा असला की 'स्थिती'ची 'स्िथती' होते, 'मार्ग'चा 'मागर्' आणि 'सूर्य'चा 'सूयर्'. 'वाऱ्यावर' असेल तिथे 'वार्यावर' येतं. तीनशे पानांत हे किती वेळा येत असेल त्याचा हिशेब करा, आणि ते दुरुस्त करायला बसणाऱ्या माणसाला कोण किती देतं तेही विचारून पाहा.

याहून मोठी गोम वेगळीच आहे आणि ती छापखान्याबाहेर फारशी कुणाला ठाऊक नसते. आमच्या वेळी तिसरं प्रूफ वाचून आलं की सबंध पान परत काढायला कुणाला परवडत नसे. दुरुस्त केलेली तेवढी ओळ बटर पेपरवर काढायची आणि पेस्टिंगवाल्याने ब्लेडने कापून जुन्या ओळीवर अचूक बसवायची. कधी कधी एका शब्दासाठी, कधी नुसत्या अनुस्वारासाठी. आमच्याकडचा पेस्टर असा अनुस्वार ब्लेडच्या टोकावर उचलायचा आणि त्या वेळी कुणी पंखा लावला तर शिव्या द्यायचा. मग त्यावरून निगेटिव्ह, प्लेट, छपाई. ती दुरुस्ती संगणकातल्या फायलीत परत करायची हे काम कागदोपत्री माझं होतं. पण दुसऱ्या पुस्तकाचा गठ्ठा आधीच टेबलावर येऊन पडलेला असे. म्हणजे फाइल सापडली, फ्लॉपी उघडली, कन्व्हर्टर उत्तम चालला, तरी हाती येतं ते लेखकाने शेवटचा हात फिरवण्याआधीचं पुस्तक. लेखकाने मंजूर केलेला मजकूर फक्त छापील प्रतीत आहे. तेव्हा शहाणा प्रकाशक जुनी फाइल बाजूला ठेवून छापील पुस्तक नव्याने टाइप करून घेतो, प्रूफं वाचून घेतो आणि मग ई-पुस्तक काढतो. बाकीचे स्कॅन करतात.

करारांचं वेगळंच. जुन्या करारपत्रांत डिजिटल हक्कांचा शब्द नाही. लेखक गेलेले, वारस तीन गावांत, त्यातल्या दोघांचं आपसात बोलणं नाही. कर सांगायचा तर छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-पुस्तकावर आधी १८ टक्के होता, २०१८ मध्ये ५ झाला, तोही छापील आवृत्ती असेल तरच.

म्हणून विकत घेण्याआधी फुकटचा नमुना उतरवून घ्या. पहिलं पान बघू नका, ते सगळेच नीट करतात. आतल्या एखाद्या पानावर रफाराचे आणि 'ऱ्य'चे शब्द शोधा. 'दुसऱ्या', 'पायऱ्या', 'वर्ष', 'कार्य'. ते धड असतील तर कुणीतरी माणसाने पुस्तक वाचलंय असं समजा. आणि अक्षराचा आकार बदलून पाहा. बदलला नाही तर तो फोटो आहे, पैसे घालू नका.

फ्रीमाँटकर

काका, माहिती जबरदस्त, पण इतकं घाबरवू नका हो. इथे कॅलिफोर्नियात पुण्याहून एक कादंबरी मागवली तर टपालखर्च पुस्तकाच्या वर जातो. मी 'सूयर्' वाचतो आणि मनात सूर्य म्हणतो. पुस्तक मिळालं हेच खूप. चुका असलेलं ई-पुस्तक आणि अजिबात नसलेलं पुस्तक यांत मी पहिलंच घेईन.

जुना कंपोझिटर

तुम्ही आयुष्यभर बरोबर छापलेलं वाचलंय, म्हणून तुम्हाला मनात दुरुस्त करता येतं. तुमच्या मुलीला येईल का? तिच्यासाठी 'सूयर्' हाच शब्द होऊन बसेल. बाकी टपालखर्चाबद्दल वाद नाही.

लिंबोणी

कंपोझिटर काका, तुमचं वाचून मी आज पाच-सहा नमुने उतरवून पाहिले. दोन पुस्तकं एकदम स्वच्छ. एकात 'दुसर्या' असंच्या असं, पानापानावर. एकाचा आकारच बदलला नाही. आईच्या यादीतली निम्मी तर ई-पुस्तक म्हणून नाहीतच, ती स्कॅन स्वरूपातच कुठे कुठे दिसतात. मग दहा इंची घेणं आलंच का? किमती बघून भाऊ गप्प झालाय.

तळटीप

दहा इंची लागत नाही. गणित मांडून दाखवतो.

सात इंची पडदा साधारण ४.२ बाय ५.६ इंचांचा. डेमी पुस्तकात समास सोडला तर मजकुराची रुंदी सव्वाचार इंचांच्या आसपास. आधी संगणकावर पीडीएफचे समास कापून टाका. के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचं फुकट साधन आहे, ते हे करतं. मग यंत्र आडवं धरायचं. सव्वाचार इंचांची ओळ साडेपाच इंचांवर पसरते, म्हणजे १४ पॉइंटचं अक्षर १८ च्या आसपास जातं. एक पान दोन-तीन टप्प्यांत दिसतं, प्रत्येक वेळी नुसतं पुढे करायचं. ओळ कुठेही तुटत नाही, बोटाने सरकवावं लागत नाही. कराडला जाल तेव्हा वीस-पंचवीस पुस्तकं अशी तयार करून भरून द्या.

तेच साधन ओळींचे तुकडे करून मजकूर नव्याने मांडूनही देतं. छपाई स्वच्छ असेल तर अक्षर आणखी मोठं होतं. पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडलेला असतो, तिथे ते गोंधळतं. तिथे आडवं धरलेलंच बरं.

स्कॅनमधून खरा मजकूर काढायचा असेल तर पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडा. मराठी चांगलं ओळखतं. पण सबंध कादंबरी एकदम देऊ नका, प्रकरणाप्रकरणाने द्या. पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा दर पानाला मजकुरात घुसतो, तो हाताने काढावा लागतो. मी हे हौसेने करतो, बायको याला रिकामटेकडेपणा म्हणते.

कायदेशीर काय मिळतं? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष धरून ६० वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांचं झालं. १९६५ किंवा आधी गेलेल्या लेखकांचं, त्यांच्या हयातीत छापलेलं साहित्य आता मोकळं आहे. मराठी विकिस्रोत या फुकट ऑनलाइन ग्रंथालयावर असलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि थेट ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलच्या रूपात उतरवता येतो, आईंसाठी सगळ्यात सोयीचं तेच. साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची बरीच प्रकाशनं फुकट पीडीएफमध्ये आहेत, आणि ई साहित्य प्रतिष्ठानही पुस्तकं फुकट देतं.

पंचगंगा

टेलिग्रामवर तर सगळंच आहे की राव. मागा ते मिळतंय.

जुना कंपोझिटर

मिळतंय, माहीत आहे. मी मांडलेली पुस्तकं मला तिथे सापडली आहेत, पान ४७ तिरकं आणि ११२ गायब. मराठीत अजून हजाराची आवृत्ती निघते आणि ती खपायला वर्षं लागतात. एका ग्रुपवर त्याहून जास्त माणसं असतात. मग प्रकाशक म्हणतो, ई-पुस्तक काढून काय करू, लगेच फुकट फिरणार. आणि मग वाचक म्हणतो, ई-पुस्तक नाही म्हणून टेलिग्राम. दोघंही खरं बोलतात, मधल्या मधे प्रूफ वाचणारा माणूस घरी बसतो.

तळटीप, एक विनंती. विकिस्रोतावर प्रूफं वाचायला माणसं कमी पडतात. तुम्ही तो रिकामटेकडेपणा तिथे करा. एकदा दुरुस्त झालं की सगळ्यांना मिळेल. मीही रोज सकाळी चार-पाच पानं करतो. सवयीने अजून लाल पेन हातात घेऊन बसतो, तेवढं हसू नका.

कानसेन

लिंबोणी, थोडं वेगळं सांगते. मला स्वतःला जवळजवळ दिसत नाही. आईंचे डोळे अगदीच दमतील त्या दिवसांसाठी श्राव्य पुस्तकांचाही विचार करा. स्टोरीटेल हे श्राव्य पुस्तकांचं अ‍ॅप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी आहे. पुढे कधी छापील वाचणं अवघडच झालं आणि तसं प्रमाणपत्र असेल, तर सुगम्य पुस्तकालय आहे, २०१६ पासून. अंध आणि छापील वाचू न शकणाऱ्यांसाठी कायद्यात २०१२ मध्ये सवलत आली, त्यामुळे तिथे हक्क असलेली पुस्तकंही सुगम्य स्वरूपात मिळू शकतात.

आणि कंपोझिटर काका, तुमचे ते 'सूयर्' मला ऐकू येतात. स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, जे लिहिलंय तेच वाचतो, मनात दुरुस्त करत नाही. स्कॅन असेल तर गप्पच बसतो. फ्रीमाँटकरांनी हेही लक्षात घ्यावं.

फ्रीमाँटकर

घेतलं. मागे घेतो शब्द.

लिंबोणी

सगळ्यांचे आभार. सात इंची घेतेय, वहिनीपर्यंत प्रकरण गेलं नाही. आडवं धरून बघायला शेजारच्या मुलाचं सहा इंची परत आणलं, तळटीप यांनी सांगितलं तसं समास कापून. आई आधी म्हणाली, आडवं काय, पुस्तक काय कॅलेंडर आहे? मग संध्याकाळी दिवा लावायची वेळ टळली तरी खुर्चीतून उठली नाही. मुलगा यंत्र मागायला आला, तर त्याला लाडू देऊन परत पाठवला.

शेवटचा प्रश्न, दिवाळी अंकांचं काय करू? तिला ते लागतातच.

जुना कंपोझिटर

ते छापीलच आणा. दोन कॉलम, मधे जाहिरात, चित्राभोवती वळवलेला मजकूर, कविता तिसऱ्या रंगावर. सात इंचांत त्याचं मातेरं होतं. दिवाळी अंकाचा टाइप तसाही कादंबरीपेक्षा बारीक असतो, तेव्हा दोन-तीनच घ्या आणि आईंना कुणीतरी वाचून दाखवा. भावाला सांगा, टॅब दिला म्हणून सुटला नाही.

आणि यंत्राला जाड पुठ्ठ्याचं झाकण घ्या. त्या पडद्याच्या आत पातळ काच असते. वरून ओरखडा दिसत नाही, पण गादीवर ठेवून कुणी त्यावर बसलं की आतून जातो आणि बदलायचा खर्च नव्याच्या जवळ जातो. उशीखाली ठेवू नका म्हणावं. पुस्तकं ठेवायची सवय असणार त्यांना.