अनुभव धागा : क्रूझवर चढण्याआधीची तपासणी आणि चढल्यावर मिळणाऱ्या सोयी

आमच्या वास्कोच्या सड्यावरून मुरगाव बंदर दिसतं. पाऊस सरला, ऑक्टोबर उजाडला की मोठ्या पांढऱ्या बोटी यायला लागतात आणि आमच्याकडे फोनही यायला लागतात, कारण माझे यजमान बत्तीस वर्षं बंदरात नोकरीला होते. "वहिनी, आता कोरोनाची आरटीपीसीआर लागते का हो?" "दारू फुकट असते का?" "सासऱ्यांना साखर आहे, घेतील ना बोटीवर?" दर वर्षी तेच प्रश्न येतात आणि आमची उत्तरं जुनी होत जातात. म्हणून जे खरोखर जाऊन आलेत त्यांनी लिहावं, असं वाटलं.

माझ्या मनात हा विषय २०२२च्या जानेवारीपासून आहे. नववर्षासाठी मुंबईहून आलेली बोट धक्क्याला लागलेली होती. सुमारे दोन हजार माणसं होती, त्यांतल्या ६६ जणांची कोरोना चाचणी पॉझिटिव्ह आली. प्रवाशांना उतरायला मिळालं नाही आणि बोट तशीच मुंबईला परतली. रात्री गॅलरीतून तिचे दिवे दिसत होते. त्या दोन हजारांत कुणाची तरी आई असेल, कुणाचं तान्हं मूल असेल, हेच सारखं डोक्यात येत होतं.

यजमान सांगतात ते आधी लिहिते, मग जागा तुमची. परदेशातून आलेली बोट बंदरात शिरताना पिवळा बावटा लावते. "बोटीवर सगळं ठीक आहे, आम्हाला येऊ द्या," असा त्याचा अर्थ. कप्तानाला बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आरोग्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं : कुणाला ताप आहे का, जुलाब किती जणांना, वाटेत कुणी दगावलं का. तुम्ही चढताना जो फॉर्म भरता त्याची बेरीज शेवटी त्या कागदापर्यंत पोचते. म्हणून तो फॉर्म घाईत 'नाही, नाही, नाही' अशा खुणा करून देऊ नका.

फोंडा, गृहिणी

आम्ही डिसेंबर २०२१मध्ये मुंबईहून चढलो. मी, हे, दोन मुली आणि सासूबाई. बोटीची अट होती की आरटीपीसीआर ४८ तासांच्या आतली हवी. आम्ही फोंड्यालाच नमुने दिले, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात आला आणि त्या रात्री बसने निघालो. माझा हिशेब रिपोर्टच्या तारखेपासूनचा होता. मुंबईला जिथून बोटीवर चढतात त्या बॅलार्ड पियरच्या काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "मॅडम, वेळ नमुना दिल्यापासून मोजतात." आमचे ५१ तास झाले होते.

तिथेच तपासणीची सोय होती, पैसे भरून पुन्हा पाचजणांचे नमुने दिले आणि साडेतीन तास बसलो. सासूबाईंचा गुडघा सुजलेला. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यातच धाकटीच्या तिकिटावर घरचं नाव पडलेलं आणि आधारवर वेगळं, तो घोळ निराळाच. आता ही चाचणी लागत नाही, पण कुठल्याही देशाच्या कुठल्याही नियमात 'अमुक तासांच्या आत' असं दिसलं की आधी विचारा, तास कधीपासून मोजायचे. आणि तिकिटावर नाव ओळखपत्रावर आहे तसंच्या तसं घाला.

बोटीवर मात्र सासूबाई फुलल्या. संध्याकाळी डेकवर खुर्ची टाकून बसायच्या. जैन जेवण वेगळं मिळत होतं, त्यांना कांदा-लसूण चालत नाही. मी आचाऱ्याला एकदाच सांगितलं, दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः येऊन विचारलं, "आजी, आज काय करू?" आम्ही त्यासाठी वेगळं काही भरलं नव्हतं. शाकाहारी, जैन, बिनामिठाचं, जे हवं ते बुकिंग करतानाच लिहा. चढल्यावर सांगितलं तरी करतात, पण पहिली दोन जेवणं जातात.

पेडणे, बोटीवर अठरा वर्षं नोकरी केलेला

मी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. केबिन स्टुअर्ड म्हणून, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या झाडायच्या कामाने, सुरुवात केली. प्रवाशांना एकदा फॉर्म भरावा लागतो, आम्हाला प्रत्येक करारापूर्वी पूर्ण मेडिकल असते : छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, डोळे, कान. जिथे पिवळ्या तापाचा धोका असतो तिथे बोट जाणार असेल तर त्याची लस लागते. गोव्यात ती वास्कोला बंदराच्या आरोग्य कार्यालयात मिळते. ती टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, नंतर जन्मभर चालतो. ब्राझीलकडच्या क्रूझवर जाणाऱ्या प्रवाशांनीही हे लक्षात ठेवावं, कारण दाखल्याशिवाय तिकडून भारतात परतलात तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. आदल्या आठवड्यात धावाधाव करून उपयोग नाही, ते दहा दिवस कुणी कमी करत नाही.

आता मला जे सांगायचंय ते. बोटीवर सगळ्यांत जास्त त्रास देतो तो नोरोव्हायरस. उलट्या, जुलाब, दोन-तीन दिवसांत माणूस बरा होतो, पण एकाचे वीस व्हायला वेळ लागत नाही. सॅनिटायझरचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद. आम्ही जेवणघराच्या दारात उभे राहून हात धुवायला सांगायचो तेव्हा लोकांना तो पोरखेळ वाटायचा. अमेरिकेत तीन टक्के प्रवाशांना किंवा कर्मचाऱ्यांना लागण झाली की बोटीचं नाव त्यांचं आरोग्य खातं जाहीर करतं.

लोक लपवतात. कारण सांगितलं की केबिनमध्ये बसवतील, पैसे फुकट जातील. एका आजोबांनी दोन दिवस लपवलं. त्यांची खोली मीच झाडत होतो. तिसऱ्या दिवशी मी पडलो, माझ्या खोलीतला मुलगा पडला, आणि आमच्या जागी काम करायला माणूस नव्हता. आजोबा नंतर माझ्याकडे येऊन रडले. वाईट माणूस नव्हते ते. नातवाचा वाढदिवस होता, तो चुकवायचा नव्हता. तुम्ही सांगितलंत तर जेवण दारात येतं, आमच्या बोटीवर तेव्हा इंटरनेटही मोफत देत. त्रास थांबल्यावर ठरावीक तास गेले की बाहेर यायला मिळतं.

आणि २०२०. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामाला कोरोनामुळे डायमंड प्रिन्सेस ही क्रूझ बोट अडकली, सुमारे ३७०० माणसं, सातशेहून अधिक बाधित. त्या बोटीवर आपल्याकडची पोरं होती, गावागावांत आया देवळात बसून होत्या. आमच्या बोटीवरचे प्रवासी मार्चमध्ये उतरले, आम्ही मात्र समुद्रातच राहिलो, कुठलंच बंदर घेईना. मग कंपनीने आम्हाला प्रवाशांच्या खोल्या दिल्या, एकेकाला एकेक. दिवसातून दोनदा ताप बघायचे, ताट दारात ठेवायचे. पंधरा वर्षं मी ज्या बाल्कनीच्या काचा पुसल्या, त्या बाल्कनीत पहिल्यांदाच खुर्ची टाकून बसलो. समोर नुसतं पाणी होतं. आईला व्हिडिओ कॉल केला तर ती म्हणाली, "बरी खोली दिली रे तुला." मला बोलता येईना. जूनमध्ये घरी पोचलो, त्याआधी चौदा दिवस हॉटेलात वेगळा.

(वास्कोहून : भाऊ, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.)

म्हापसा, बँकेत नोकरी

माझा अनुभव कडू आहे, पण कुणाला तरी उपयोगी पडेल. मी गरोदर होते, तेविसावा आठवडा चालू होता. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही असं लिहून दिलं होतं. काउंटरवर तारखा मोजल्या आणि सांगितलं की प्रवास संपायच्या दिवशी चोविसावा आठवडा लागलेला असेल, घेता येणार नाही. बहुतेक क्रूझ कंपन्यांचा हा नियम आहे : प्रवासात कधीही चोविसावा आठवडा लागत असेल तर नकार. एजंटला मी दोनदा विचारलं होतं, तो म्हणाला होता "काही प्रॉब्लेम नाही." पैसे परत मिळाले नाहीत. नवऱ्याने "आपण दोघंही जाऊ नये" म्हटलं आणि आम्ही टॅक्सीत बसलो.

मुलगी आता तीन वर्षांची आहे. तान्ह्या बाळासाठीही अट असते, साधारण सहा महिने पूर्ण हवेत, आणि समुद्रात बरेच दिवस लागोपाठ असतील तर वर्ष. एजंटचं तोंडी ऐकू नका, कंपनीच्या अटींमधलं ते पान स्वतः वाचा.

मडगाव, नवीन लग्न झालेलं जोडपं

आम्ही सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली. आधी आरोग्याचं : सिंगापूरला उतरण्याआधी तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, त्यातच आरोग्याची माहिती असते. ते मोफत आहे. आमच्या ओळखीच्या दोघांनी एजंटला त्याचे पैसे दिले. क्रूझ संपवून परत सिंगापूरला उतरताना ते पुन्हा भरावं लागलं, हे आम्हाला शेवटच्या रात्री कळलं आणि बोटीवरचं इंटरनेट विकत घेऊन भरावं लागलं. घरून निघतानाच दोन्ही तारखांची नोंद करून ठेवा.

आता सोयी. भाड्यात काय येतं : खोली, मुख्य जेवणघर, बुफे, नाटकघरातले कार्यक्रम, पोहण्याचा तलाव, जिम. काय येत नाही : दारू, बहुतेक ठिकाणी कोल्ड्रिंकसुद्धा, खास रेस्टॉरंट, स्पा, कपडे धुणं, इंटरनेट. शिवाय माणशी, दर रात्रीची टिप आपोआप खात्यावर चढते. बोटीवर रोख चालत नाही, खोलीची किल्ली असलेलं कार्डच सगळीकडे फिरवायचं, आणि म्हणून किती खर्च झाला ते कळत नाही. आम्ही रोज रात्री रिसेप्शनवर हिशेब बघत होतो.

दारूच्या पॅकेजबद्दल. अनेक कंपन्यांत खोलीतल्या एका प्रौढाने घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. मी पीत नाही, म्हणजे माझे पैसे वाया. वर सेवाशुल्क वेगळं. ज्या दिवशी बोट बंदरात आणि तुम्ही दिवसभर बाहेर, त्या दिवसाचेही पैसे लागतातच. गोव्याच्या माणसाला तिथले दर बघून धक्का बसतो. ह्यांनी सुटं विकत घेतलं, चार दिवसांत पाच ग्लास, पॅकेजच्या निम्म्यातही झालं नाही. पैसे खर्चायचेच असतील तर खास रेस्टॉरंटवर खर्चा, आणि पहिल्याच दुपारी चौकशी करा, तेव्हा सवलत असते.

चढल्या चढल्या फोन एअरप्लेन मोडवर टाका. बोटीचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते पकडलं तर रोमिंगचं बिल भयंकर येतं.

साखळी, निवृत्त शिक्षक

मी बारा वर्षं इन्सुलिन घेतो. बॅगा धक्क्यावरच घेतात आणि खोलीच्या दाराशी संध्याकाळी आणून ठेवतात. औषधं त्या बॅगेत गेली तर दुपारचं इंजेक्शन चुकतं. म्हणून इन्सुलिन, सुया, प्रिस्क्रिप्शन, सगळं हातातल्या पिशवीत. खोलीतला फ्रीज पुरेसा गार नसतो, पण बोटीच्या दवाखान्यात सांगितलं तर ठेवून घेतात. वापरलेल्या सुयांसाठी डबाही मागितल्यावर दिला.

बोटीवरच्या डॉक्टरची फी मात्र भारी असते आणि तीही खात्यावर चढते. घरची मेडिक्लेम तिथे चालेल असं धरून चालू नका. मी प्रवासाचा वेगळा विमा घेतला, बोटीवरून उचलून दवाखान्यात न्यायचा खर्च त्यात आहे ना हे वाचून घेतला. फॉर्मवर मधुमेह लिहिला म्हणून कुणी अडवलं नाही. डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि "वेळेवर जेवा" म्हणाले.

बोट लागते त्यांच्यासाठी : खोली खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर घ्या. वरची बाल्कनी महाग आणि हलतेही जास्त. गोळी डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीच घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही.

पणजी, वय ७९

नातवाने टाइप केलंय, मी सांगतोय.

मी लहानपणी मुंबईहून आगबोटीने यायचो. डेकवर सतरंजी अंथरायची, आईने बांधून दिलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी. मालवण, वेंगुर्ल्याला धक्का नव्हता, पडाव म्हणजे छोट्या होड्या यायच्या आणि माणसं, कोंबड्या, आंब्यांच्या पेट्या सगळं एकदम चढायचं. कुणी कुणाचा ताप बघत नव्हतं. सकाळी मांडवीच्या मुखाशी बोट आली की बायका हात जोडायच्या.

परवा नातवंडांनी क्रूझवर नेलं. चढताना कागदावर विचारलं होतं, 'गेल्या तीन दिवसांत उलटी, जुलाब?' मला आदल्या दिवशी पोट बिघडलं होतं. सून म्हणाली, "बाबा, नका लिहू, उगाच अडवतील." मी लिहिलं. आतून डॉक्टर आले, नाडी बघितली, पाणी किती पितो विचारलं, काही काळ वेगळं बसवलं आणि मग सोडलं. संध्याकाळी खोलीच्या दाराशी पेजेसारखा भात आणि दही आलं, न मागता.

पहाटे मला जाग आली. सगळे झोपलेले. डेकवर गेलो तर मुरगावच्या दीपगृहाचा उजेड फिरत होता. सूनही मागून शाल घेऊन आली. आम्ही दोघं बंदर येईपर्यंत तिथेच उभे होतो.