सल्ला हवा : घरच्या इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी घ्यावी, की सोडियमची वाट पाहावी?

गच्चीवाला

मुक्काम चिपळूण. पावसाळ्यात रोज तीन-चार तास वीज जाते, कधी सलग. घरी ९०० व्हीएचा १२ व्होल्टी साइनवेव्ह इन्व्हर्टर आहे, त्याला १५० एएचची (अँपियर-तासांची) ट्युब्युलर, म्हणजे शिशाची बॅटरी. बॅटरीला सहावं वर्ष चालू आहे. पाणी वेळच्या वेळी घालूनही आता तासाभरात मान टाकते.

लोड असा: दोन साधे पंखे (७५ वॅटचे), दोन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे पंखे (३० वॅटचे), नऊ वॅटचे सहा एलईडी, राउटर १२ वॅट, टीव्ही ६० वॅट. फ्रिज आणि पंप यावर नाहीत.

दुकानदार १०० एएचची लिथियम पुढे करतोय. "तिप्पट वेगानं चार्ज होईल, इन्व्हर्टर हाच चालेल" म्हणतो. इकडे पेपरात सोडियम-आयनचं वरचेवर छापून येतंय. तेव्हा (१) लिथियम घ्यावी की सोडियमसाठी वर्षभर थांबावं? (२) १०० एएच पुरेल का? (३) इन्व्हर्टर खरंच हाच चालेल?

ओहमपती

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीचं त्यावर ठरतं.

तुमची बेरीज ३३६ वॅट. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर बॅटरीतून साधारण ३९५ वॅट ओढले जाणार. दुकानदाराची लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी, असं धरतो (तशी नसेल तर घेऊच नका). १२.८ व्होल्ट गुणिले १०० एएच म्हणजे १२८० वॅट-तास. त्यातले ९० टक्के वापरायचे, म्हणजे ११५०. भागाकार दोन तास पंचावन्न मिनिटं. चार तास निघत नाहीत.

१५० एएचची एलएफपी घेतली तर चार तास वीस मिनिटं मिळतील. पण त्याआधी ते दोन साधे पंखे काढा आणि बीएलडीसी लावा. लोड ९० वॅटनी उतरतो, बॅटरीवर २९० वॅटच येतात आणि तीच १०० एएच चार तासांच्या आसपास जाते. वरच्या ५० एएचपेक्षा दोन पंखे बहुधा स्वस्त पडतील आणि वीज असतानाही बिल कमी करतील. बॅटरीच्या दुकानात हा सल्ला कुणी देणार नाही.

"आधी १५० होती, आता १०० कशी पुरेल?" हा प्रश्न येणारच. ट्युब्युलरवरचे १५० एएच हे बहुतेक वेळा सी-२० वरचे असतात, म्हणजे साडेसात अँपियरनं वीस तास काढले तर. तुम्ही काढताय ३३ अँपियर. शिशाची बॅटरी इतक्या वेगानं उपसली की छापलेलं सगळं देत नाही, आणि रोज तळापर्यंत नेली तर लवकर मरते. एलएफपीला या वेगानं काही फरक पडत नाही.

आता "तिप्पट वेगानं चार्ज". वेग चार्जर ठरवतो. तुमच्या वर्गाच्या इन्व्हर्टरचा चार्जर साधारण १० ते १५ अँपियर देतो. १२ धरले तर रिकामी १०० एएच भरायला साडेआठ तास लागतात, केमिस्ट्री कुठलीही असो. फायदा इतकाच की शिशाची बॅटरी शेवटचे वीस टक्के घेताना रडते, एलएफपी जवळपास शेवटपर्यंत सारखा करंट घेते आणि वाया कमी घालवते. पहाटे चार तास आणि दुपारी पुन्हा चार तास वीज गेली तर मधल्या वेळात ती भरणार नाही, हे गृहीत धरा.

तिसऱ्याचं उत्तर दुकानदाराकडे नाही, मल्टीमीटरकडे आहे. एलएफपीच्या १२ व्होल्टी पॅकमध्ये चार सेल एका ओळीत असतात. एका सेलची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट, चारांची १४.६. रोजच्या वापराला १४.० ते १४.४ उत्तम, भरल्यावर टिकवून ठेवायचं व्होल्टेज, म्हणजे फ्लोट, १३.५ च्या आसपास. ट्युब्युलरच्या सेटिंगवर काही इन्व्हर्टर १४.६ च्या वर जातात, आणि अधूनमधून इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरायला दिलेला जादा चार्ज) म्हणून १५ च्याही वर. शिशाला ते औषध असतं. एलएफपीत बीएमएस, म्हणजे सेलवर पहारा ठेवणारं सर्किट, त्या क्षणी तार तोडतं आणि इन्व्हर्टर बॅटरीच्या नावानं बोंबलायला लागतो.

मोजायचं असं: सध्याचीच बॅटरी असू द्या. ती अर्धी उपसा, मेन्स चालू करा, मीटर डीसीवर ठेवून थेट बॅटरीच्या टर्मिनलवर दर तासाला रीडिंग घ्या. सगळ्यात मोठा आकडा आणि भरल्यानंतर स्थिरावलेला आकडा, दोन्ही लिहून ठेवा. मागे ट्युब्युलर/एसएमएफ (पाणी न घालायची बंद शिशाची बॅटरी) असा खटका असेल तर दोन्हीवर मोजा. मॅन्युअलमध्ये इक्वलायझेशन शब्द शोधा.

मिठागर

सोडियमचं मी सांगतो. थांबू नका.

सेल प्रयोगशाळेतून केव्हाच बाहेर आले आहेत. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीनं २०२१ मध्ये किलोला १६० वॅट-तासांचा सेल जाहीर केला, २०२५ मध्ये १७५ चा. आपल्याकडे रिलायन्सनं ब्रिटनची फॅराडियन विकत घेतली, आणि पुण्यात केपीआयटी कंपनीनं आयसर या संशोधन संस्थेबरोबर विकसित केलेलं तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये पुढे आणलं. पण तुमच्या कपाटाखालच्या १२ व्होल्टी डब्याशी या सेलचं जमत नाही, ते व्होल्टेजमुळे.

एलएफपीचा सेल बहुतेक वेळ ३.२ ते ३.३ व्होल्टवर बसून असतो. लेयर्ड ऑक्साइड जातीचा सोडियम सेल भरलेला असताना ४ व्होल्टच्या जवळ असतो आणि रिकामा होताना २ च्या खाली, दीडपर्यंत, घसरत जातो. चार सेल जोडले तर वर १६, खाली ६. तुमचा चार्जर १४.४ ला थांबणार, म्हणजे सेल ३.६ वर अर्धवट भरलेला राहणार. आणि इन्व्हर्टर १०.५ ला लो-बॅटरी म्हणून बंद पडणार, तेव्हा सेल २.६ वर असेल, पोटात अजून शिल्लक ठेवून. दोन्ही टोकांना नुकसान. पैसे पूर्ण बॅटरीचे मोजायचे आणि मधला तुकडा वापरायचा. रुंद पट्ट्यात चालणारे इन्व्हर्टर घरगुती दुकानात सहज मिळायला लागले की हा विषय पुन्हा काढू.

स्वस्ताईचंही तसंच. २०२२ च्या शेवटी चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला सहा लाख युआनच्या घरात गेलं होतं, तेव्हा सोडियमचा गवगवा झाला. वर्षभरात ते एक लाखाच्या आसपास आलं आणि किमतीतला फरक आक्रसला. खनिज मिठासारखं स्वस्त म्हणून सेल स्वस्त होत नाही. हार्ड कार्बन (सोडियम सेलच्या ऋण बाजूचा कार्बन), इलेक्ट्रोलाइट, कारखान्याचा वेग हे सगळं किमतीत येतं.

चांगल्या बाजूही सांगतो. लिथियम सेलमध्ये ऋण बाजूला तांब्याची फॉइल लागते, कारण लिथियम अ‍ॅल्युमिनियमशी मिश्रधातू बनवतं. सोडियम बनवत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियम चालतं, आणि सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवून वाहून नेता येतो. थंडीतही तो चांगला चालतो.

जाता जाता, लिथियम सेलच्या ऋण बाजूला असणाऱ्या ग्राफाइटबद्दल: "सोडियमचा आयन मोठा, म्हणून ग्राफाइटमध्ये शिरत नाही" असं सर्रास लिहिलं जातं. पोटॅशियम त्याहून मोठं, ते मात्र ग्राफाइटच्या थरांत मजेत शिरतं. मुद्दा आकारापेक्षा बंधाच्या ऊर्जेचा आहे. म्हणून सोडियमला वेड्यावाकड्या थरांचं हार्ड कार्बन लागतं.

एलएफपीलाही असाच वेळ लागला होता. टेक्सास विद्यापीठात पाढी, गुडइनफ आणि सहकाऱ्यांचा निबंध १९९७ चा. पदार्थ सुरक्षित, पण वीज धड वाहून न्यायचा नाही. कण बारीक करून त्यांना कार्बनचा लेप दिल्यावर तो कामाचा झाला. त्यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून तापल्यावर तो सहजी सुटत नाही आणि आगीला खतपाणी मिळत नाही. घरात ठेवायला एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम) नको, एलएफपी हवी, ती याच कारणासाठी.

उणे_तीस

थंडीवरून एक जोड, इकडे कॅनडात असणाऱ्यांसाठी. गॅरेजमध्ये शून्याखाली एलएफपी चार्ज करू नका. लिथियम ग्राफाइटमध्ये न शिरता पृष्ठभागावर धातू होऊन साचतं आणि ते परत येत नाही. वापरली तर चालते, भरायची नाही. हीटरवाला पॅक घ्या किंवा बेसमेंटमध्ये ठेवा. चिपळूणकरांनी हे वाचून सोडून द्यावं.

खटकेबाज

केमिस्ट्रीवर सगळे बोलले. घोटाळे होतात ते जोडणीत.

बीएमएस झोपणं. बॅटरी पूर्ण उपसली की बीएमएस तार तोडतं आणि टर्मिनलवर व्होल्टेज दिसत नाही. बरेच इन्व्हर्टर "बॅटरीच नाही" समजून चार्जिंग सुरूच करत नाहीत. लोक बॅटरी मेली म्हणून परत घेऊन जातात. इन्व्हर्टरची तार काढा, १४.४ व्होल्टचा पाचेक अँपियरचा छोटा एलएफपी चार्जर काही मिनिटं लावा, जागी होते. जुनी ट्युब्युलर लावून जागं करायचा उद्योग नको, करंटला लगाम राहत नाही. आणि दोन्ही बॅटऱ्या कायमच्या समांतर तर अजिबात जोडू नका. भरलेली एलएफपी १३.३ वर विसावते, शिशाची १२.७ वर, पहिली दुसरीला दिवसरात्र पाजत बसते.

पहिली ठिणगी. इन्व्हर्टरच्या पोटातले कपॅसिटर रिकामे असतात. थेट जोडलं की क्षणभर प्रचंड करंट जातो, बीएमएसला शॉर्टसर्किट वाटतं, ते तार तोडतं. शेवटची तार लावण्याआधी २५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर मध्ये धरून दोन-तीन सेकंद थांबा. गाडीचा १२ व्होल्टचा बल्बही चालतो. उजळून विझला की तार लावा.

फ्यूज. पूर्ण लोडला ७०-७५ अँपियर जाऊ शकतात, म्हणून २५ चौरस मिमी तांब्याची तार, शक्य तितकी आखूड, आणि धन टर्मिनलपासून वीतभर अंतरात १०० अँपियरचा डीसी फ्यूज. एमआरबीएफ किंवा क्लास टी जातीचा फ्यूज घ्या. बोर्डावरचा एसी एमसीबी इथे लावायचा नाही. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, आतले संपर्क जळत राहतात.

सांधे. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत हे सगळ्यात महत्त्वाचं. लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची कडी) हातानं मुरगाळू नका, हायड्रॉलिक क्रिम्पिंग करून घ्या. पृष्ठभाग घासून स्वच्छ करा, स्क्रू कंपनीनं दिलेल्या टॉर्कनं आवळा, आणि व्हॅसलीन त्यानंतर वरून लावा, दोन धातूंच्या मध्ये नाही. मग पूर्ण लोड टाकून मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. एक टोक टर्मिनलच्या खिळ्यावर, दुसरं लगवर. ५० अँपियरला ५० मिलिव्होल्ट दिसले तर त्या एका सांध्यात अडीच वॅट उष्णता होतेय. पाच-दहा मिलिव्होल्टच्या आत आणा. महिन्यानं पुन्हा मोजा, कारण गरम-गार होऊन स्क्रू सैल पडतात.

इन्व्हर्टरवरच्या दांड्या आता विसरा. त्या व्होल्टेजवरून चार्ज ओळखतात, आणि एलएफपीचं व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट असतं. तीन तास "फुल" आणि मग एकदम अंधार. शंटवाला (तारेतून जाणाऱ्या करंटवरून) एएच मोजणारा मीटर लावा किंवा ब्लूटूथ बीएमएसवाली बॅटरी घ्या.

गच्चीवाला

मोजलं. ट्युब्युलर खटक्यावर कमाल १४.७, नंतर १३.७ वर स्थिर. एसएमएफ खटक्यावर कमाल १४.१, नंतर १३.६. मॅन्युअलप्रमाणे इक्वलायझेशन फक्त ट्युब्युलरवर. लो-बॅटरी कट १०.५, तो बदलता येत नाही. पंखे बदलून १०० एएचच घेतो. आणि जुनीचं काय करायचं?

ओहमपती

मग एसएमएफ खटक्यावर चालेल, इन्व्हर्टर बदलू नका. खटक्यावर चिकटपट्टी लावा, घरातलं कुणी तो परत ट्युब्युलरवर टाकू नये.

१०.५ चा कट खूप खाली आहे, तिथे एलएफपी जवळजवळ कोरडी असते. शंट मीटरवर २० टक्के दिसले की टीव्ही आणि दोन पंखे बंद करायची सवय लावा.

घेताना तीन गोष्टी विचारा. सेल आयईसी ६२६१९ (लिथियम सेलच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) चाचणीत उतरलेले आहेत का. बीएमएस सतत किती अँपियर देतं, १०० हवेत. आणि बॅलन्सिंग, म्हणजे चार सेल समपातळीवर आणणं, सेलला किती व्होल्ट झाल्यावर सुरू होतं. तुमच्या १४.१ ला सेल ३.५२ वर येतो. उत्तर ३.४ ते ३.४५ आलं तर घ्या. ३.६ आलं तर तुमच्या चार्जरवर ते कधीच सुरू होणार नाही, आणि हळूहळू एक सेल पुढे पळून बीएमएस आधीच तार तोडायला लागेल. "ते काय असतं?" असं उत्तर आलं तर दुकान बदला.

खटकेबाज

जुनी भरलेलीच द्या, अ‍ॅसिड ओतून हलकी करू नका. शिशाला मोड चांगली येते, म्हणून नव्या बिलात किती वजा करतोय ते आधी ठरवा आणि दुसऱ्या दुकानातही भाव विचारा. नेताना उभीच ठेवा, व्हेंटची झाकणं घट्ट आहेत ना ते बघा, आणि दोघांनी उचला. भरलेली १५० एएच ५०-६० किलोंच्या घरात जाते.